नाल्यापलीकडचा धूर

आमच्या वसाहतीच्या मागून एक नाला वाहतो. नाल्याच्या अलीकडे एक महापालिका आणि पलीकडे दुसरी. निवृत्तीनंतर मुलाच्या घराजवळ राहावे म्हणून आम्ही इथे आलो, तेव्हा या गोष्टीची मला गंमत वाटली होती. 'आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुसरे शहर दिसते,' असे मी पाहुण्यांना सांगत असे. गेले दोन हिवाळे सांगत नाही.

पलीकडच्या काठावर एक मोकळी जागा आहे. थंडी सुरू झाली की तिथे रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास काहीतरी पेटते. कधी साधा कचरा असतो, कधी आतले तांबे काढण्यासाठी पेटवलेली जुन्या वायरींची भेंडोळी. दिवसा समुद्रावरून वारा येतो आणि धूर तिकडच्या तिकडे निघून जातो. रात्री वारा पडतो, जमिनीकडून एखादी मंद झुळूक सुटते आणि धूर नाला ओलांडून आमच्याकडे येतो. माझ्या सहा वर्षांच्या नातीला बाळदमा आहे. अशा रात्री तिला उठवून वाफेच्या मशीनचा मास्क लावावा लागतो. मास्क लावण्यापूर्वी ती नाक वर करून हुंगते आणि सांगते, 'आजोबा, आज कचरा नाही. आज वायरी.' तिचा अंदाज चुकत नाही.

सौ. म्हणाली, 'अहो, नुसत्या खिडक्या लावून किती दिवस भागणार? जरा ऑफिसात जाऊन या.' मी अडतीस वर्षे बँकेत काढली. अर्ज, सोबतची कागदपत्रे, पोच या गोष्टी मला जमतात. मी अर्ज लिहिला आणि आधी आमच्या महापालिकेच्या कार्यालयात गेलो. तिथल्या अधिकाऱ्याने नकाशा काढून दाखवला. 'काका, जागा आपल्या हद्दीत नाही. नाला संपला की आपण संपलो.' मी पलीकडच्या कार्यालयात गेलो. तिथले अधिकारी म्हणाले, 'जागा आमचीच आहे. पण आमच्या बाजूच्या कुणाची तक्रार नाही. तुम्ही तिकडचे रहिवासी. तुमच्या कार्यालयामार्फत पत्र येऊ द्या.' मग प्रदूषणाचे काम पाहणाऱ्या कार्यालयात गेलो. तिथे कळले, की उघड्यावर कचरा जाळण्याचा विषय महापालिकेचा आणि यांच्याकडे कारखाने.

या तिन्ही ठिकाणी माझ्याशी कुणी उद्धटपणे बोलले नाही. एके ठिकाणी तर चहाही मिळाला. आणि खरे सांगायचे तर तिघांपैकी कुणी खोटेही बोलत नव्हते. प्रत्येकाने आपापली हद्द बरोबर सांगितली. ती बरोबर असूनही माझ्या नातीची रात्र तशीच राहिली, हा या लेखाचा विषय आहे.

एका रात्री मात्र ती आग भडकली आणि शेजारच्या झाडांपर्यंत गेली. कुणीतरी अग्निशमन दलाला फोन केला. वीस मिनिटांत अलीकडची गाडी आली, पाठोपाठ पलीकडचीही आली. नाला कुणाचा, जागा कुणाची, हे कुणी विचारले नाही. दोन शहरांच्या जवानांनी मिळून आग विझवली. ज्वाळा दिसल्या की यंत्रणा हद्द विसरतात. नुसता धूर असला की त्यांना ती आठवते.

त्या रात्री झोप लागेना, तेव्हा मला अचानक क्लिअरिंग हाऊस आठवले.

१९८३ साली मी एका जिल्ह्याच्या गावी आमच्या बँकेच्या शाखेत होतो. रोज सकाळी आमचा कारकून चामडी बॅगेत इतर बँकांवरच्या धनादेशांचे गठ्ठे भरून स्टेट बँकेत जाई. तिथल्या माडीवरच्या खोलीत लांब टेबल होते. गावातल्या सगळ्या बँकांचे प्रतिनिधी त्याच्याभोवती बसत, गठ्ठ्यांची अदलाबदल होई आणि शेवटी कुणी कुणाला किती द्यायचे, याचा निव्वळ आकडा निघे. या बँका एकमेकींच्या मैत्रिणी नव्हत्या. ठेवींसाठी एकमेकींचे खातेदार पळवण्यात कुणी मागे नव्हते. पण त्या टेबलाशी बसले की एकच नियम: सगळ्यांचे देणे आणि सगळ्यांचे घेणे तंतोतंत जुळले पाहिजे. जुळले नाही तर त्याला 'डिफरन्स' म्हणत. एकदा नव्वद पैशांच्या डिफरन्ससाठी आमचा कारकून दिवेलागणीपर्यंत अडकून पडला होता. त्याच्या घरी तेव्हा पाहुणे आले होते. तरीही नव्वद पैसे सापडल्याशिवाय कुणाला उठता आले नाही.

आणि ज्या खातेदारांसाठी हे सारे चाले, त्यांना या टेबलाची खबरही नसे. शेतकऱ्याला धनादेश कोणत्याही बँकेचा मिळो, तो आपल्याच शाखेत भरी. 'हा आमच्या बँकेवरचा नाही, त्या बँकेत जा,' असे आम्ही त्याला म्हटले असते, तर त्याने आम्हाला वेड्यात काढले असते. बँकांच्या आपसातल्या हद्दी ही बँकांची डोकेदुखी होती, त्याची नव्हती. हवेच्या बाबतीत ही डोकेदुखी आपण नागरिकाच्या कपाळी मारली आहे.

मुंबई महानगर प्रदेशाचेच पाहा. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी, मीरा-भाईंदर, वसई-विरार आणि पनवेल अशा इथे नऊ महापालिका आहेत. नगरपालिका वेगळ्या. बांधकामाची धूळ आणि राडारोडा महापालिकांकडे, कारखान्यांची धुराडी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, गाडीचे पीयूसी परिवहन खात्याकडे, वाहतुकीची कोंडी वाहतूक पोलिसांकडे. मेट्रो आणि उड्डाणपूल बांधणारी प्राधिकरणे निराळी. बंदर, रेल्वे आणि तेलशुद्धीकरण कारखाने यांत केंद्राच्या अखत्यारीतला भाग मोठा. वाऱ्याचा अंदाज हवामान खात्याकडे आणि हवेच्या गुणवत्तेचा पुण्याच्या आयआयटीएमकडे. त्या संस्थेची 'सफर' ही यंत्रणा दिल्लीत २०१० साली राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्ताने सुरू झाली, पुण्यात २०१३ साली आणि मुंबईत २०१५ साली. म्हणजे उद्या हवा बिघडणार हे आपल्याला आज कळू शकते. पण ते कळल्यावर उद्या सकाळी नक्की कुणी काय करायचे, हे एकत्र बसून ठरवणारे टेबल नाही.

केंद्राने २०१९ च्या जानेवारीत राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला. आज त्यात १३० शहरे आहेत, त्यांपैकी महाराष्ट्रातली १९. मुंबई, नवी मुंबई, ठाणे, उल्हासनगर, बदलापूर अशी एकमेकांना खेटून असलेली गावे या यादीत स्वतंत्र नोंदी आहेत. प्रादेशिक सहकार्याचा उल्लेख कार्यक्रमाच्या मूळ कागदांत आहे. पण आराखडे शहराशहरांचे झाले. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०२४ साली खर्चाचा ताळेबंद मांडला. तोवर खर्च झालेल्या निधीपैकी सुमारे ६४ टक्के रस्त्यांवरची धूळ कमी करण्यावर खर्च झाला होता आणि उद्योगांच्या प्रदूषणावर १ टक्क्याहूनही कमी. बँकेतल्या माणसाला या आकड्यांचे नवल वाटत नाही. महापालिकेच्या हातात पैसे दिले, की महापालिकेच्या हातात असलेल्या गोष्टीवरच ते खर्च होणार. धूळ तिच्या हद्दीत आहे, झाडणारे यंत्र तिचे आहे. धुराडे तिच्या हातात नाही. फुप्फुसात खोलवर जातात ते अडीच मायक्रॉनहून लहान कण. ते बहुतेक ज्वलनातून येतात आणि झाडूने गोळा होत नाहीत.

इथे मला माझ्याच टेबलावरची एक गोष्ट सांगितली पाहिजे.

१९९१-९२ च्या सुमारास मी एका औद्योगिक पट्ट्यातल्या शाखेत होतो. तिथल्या एका रसायन कारखान्याच्या धुराबद्दल लगतच्या गावात ओरड सुरू झाली. कारखान्याने धुराडे उंच करायचे ठरवले आणि त्यासाठी मुदत कर्ज मागितले. मी प्रस्ताव तपासला. संमतिपत्र जोडलेले होते, तारण पुरेसे होते, परतफेडीची क्षमता होती. मी शिफारस केली, कर्ज मंजूर झाले, धुराडे वाढले. लगतच्या गावची ओरड थांबली. वसुलीही वेळेवर झाली. वरिष्ठांनी पाठ थोपटली.

काही महिन्यांनी आणखी दूरच्या एका गावातून दोन शेतकरी मला भेटायला आले. आंब्याचा मोहोर करपतो आहे आणि पहाटे घशात खवखवते, असे ते म्हणाले. बँकेने कर्ज दिले आहे, तेव्हा बँकेने कारखान्याला सांगावे, अशी त्यांची साधी समजूत होती. १९८९ पासून बँकांमध्ये सेवा क्षेत्र योजना होती. कोणते गाव कोणत्या शाखेचे, हे वाटून दिलेले होते. मी यादी पाहिली. ते गाव आमच्या सेवा क्षेत्रात नव्हते. मी त्यांना तसे सांगितले, चहा पाजला आणि दुसऱ्या शाखेचा पत्ता दिला.

आज तिन्ही कार्यालयांतल्या त्या सभ्य माणसांवर मी रागावू शकत नाही, याचे कारण हे आहे. मी कागद पाहिला होता. धूर कुठे जाऊन उतरतो, ते पाहणे माझ्या कामात येत नव्हते.

माझ्या अज्ञानाची मोठ्या प्रमाणावरची आवृत्ती युरोपात आधीच होऊन गेली होती, हे मला फार नंतर वाचताना कळले. ब्रिटन, जर्मनीसारख्या देशांनी आपल्या शहरांतली हवा सुधारावी म्हणून वीजकेंद्रांची धुराडी उंचच उंच केली. त्यांच्या शहरांना बरे वाटले आणि गंधकाचा धूर शेकडो मैल वाहत जाऊन स्वीडन-नॉर्वेत आम्लपाऊस होऊन पडू लागला. तिथल्या तळ्यांतले मासे मेले. तळी एका देशाची, धुराडी दुसऱ्या देशाची. शेवटी १९७९ साली जिनिव्हात बत्तीस सरकारांनी दूरवर वाहणाऱ्या हवाप्रदूषणाचा करार केला. तेव्हा शीतयुद्ध चालू होते, तरी सोव्हिएत गटातले देश आणि पश्चिमेचे देश एका कागदावर आले.

मला भावली ती त्या कराराची पुढची पायरी. १९८४ साली त्याखाली जो पहिला उपकरार झाला, तो धूर किती टक्के कमी करायचा याबद्दल नव्हता. हवा मोजण्याच्या सामाईक यंत्रणेचा खर्च कुणी किती उचलायचा, याबद्दल तो होता. आधी वही सामाईक केली. मग त्या वहीतून कोणत्या देशाचा किती धूर कोणत्या देशात उतरतो, याचे तक्ते निघू लागले. पुढच्याच वर्षी, १९८५ साली, गंधकाचे उत्सर्जन ३० टक्क्यांनी कमी करण्याचा करार झाला. १९८० च्या तुलनेत युरोपातले हे उत्सर्जन पुढे ७० टक्क्यांहून जास्त उतरले. एकमेकांवर विश्वास नसलेल्या लोकांमध्येही हिशेब जुळू शकतो. आमच्या गावच्या त्या माडीवर मी तेच पाहिले होते.

अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसची कथा हद्दीच्या दृष्टीने आपल्याला अधिक जवळची आहे. १९४३ च्या जुलैत तिथे डोळे चुरचुरवणारे इतके दाट धुके दाटले, की जपानने रासायनिक हल्ला केला असे काहींना वाटले. १९४७ साली त्या परगण्याने स्वतःचे हवाप्रदूषण नियंत्रण मंडळ काढले. पण डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या त्या खोऱ्यात चार परगण्यांची हवा एकच होती. अखेर १९७७ साली चौघांचे मिळून एक मंडळ झाले. तिथला ओझोन आजही पूर्ण मर्यादेत आलेला नाही. पण डोळ्यांना पाणी आणणारे ते दिवस मागे पडले. हद्द माणसाच्या नकाशावर न आखता हवेच्या नकाशावर आखली, एवढीच त्यांची युक्ती.

आपल्या दिल्लीनेही एकदा हे करून दाखवले आहे. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून एक प्राधिकरण नेमले गेले आणि शहरातल्या बस सीएनजीवर नेण्याचा आदेश झाला. मुदती टळल्या, रांगा लागल्या, शिव्याशाप झाले. पण २००२ अखेरपर्यंत डिझेलच्या बस गेल्या. मुंबईतही १९९९ साली उच्च न्यायालयामुळे तत्कालीन परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांची समिती नेमली गेली आणि पुढे काळा धूर ओकणाऱ्या जुन्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या. ज्यांनी त्या दिवसांत मोहम्मद अली रोडवरून प्रवास केला आहे, त्यांना फरक सांगायला नको.

पण दिल्लीची पुढची गोष्ट सावध करणारी आहे. टेरी आणि पुण्याची एआरएआय यांच्या २०१८ च्या अभ्यासानुसार हिवाळ्यात दिल्लीच्या हवेतल्या सूक्ष्म कणांत दिल्लीचा स्वतःचा वाटा एक तृतीयांशाच्या आसपास आहे. बाकीचे बाहेरून येते. त्या बाहेरच्या धुरात शेतकऱ्यांनी जाळलेल्या भाताच्या खुंटांचे नाव सर्वांत आधी घेतले जाते. तो शेतकरी काडी का लावतो? पंजाब आणि हरियाणाने २००९ साली भूजल वाचवण्यासाठी कायदे केले आणि भाताची लावणी जूनच्या मध्याकडे ढकलली. हेतू चांगलाच होता. लावणी पुढे गेली तशी कापणीही पुढे गेली. गव्हाच्या पेरणीआधी शेत मोकळे करायला जेमतेम दोन-तीन आठवडे उरले, आणि तेही वारा पडण्याच्या दिवसांत. पाणी वाचवणाऱ्या खात्याने आपली वही जुळवली आणि डिफरन्स हवेच्या वहीत गेला. तो कुणी पाहिला नाही. कारण दोन्ही वह्या एका टेबलावर आल्याच नाहीत.

२०२० साली वटहुकमाने आणि २०२१ साली कायद्याने दिल्ली व लगतच्या चार राज्यांसाठी एकच आयोग नेमला गेला. त्याचा आदेश राज्यांच्या आदेशांवर मात करतो, एवढे बळ कायद्याने त्याला दिले. तरीही २०२४ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाला या आयोगालाच विचारावे लागले, की तुमचे अधिकार तुम्ही वापरले कुठे? म्हणजे एक वरची खुर्ची निर्माण केली की काम झाले, असे नाही.

बँकेत असताना जिल्हा सल्लागार समितीच्या बैठकांनाही मी जात असे. जिल्हाधिकारी अध्यक्ष, सगळ्या बँकांचे अधिकारी हजर, बिस्किटे आणि चहा. 'समन्वय वाढवण्यावर भर देण्यात आला' असे इतिवृत्तात येई. सगळे दुपारी चारला उठत. क्लिअरिंगच्या टेबलावरून मात्र हिशेब जुळल्याशिवाय कुणाला उठता येत नसे. दोन्हींत सहकार्यच होते. पण पहिल्यात जुळले नाही तरी कुणाचे काही अडत नव्हते. आपल्याकडे हवेसाठी जे सहकार्य आहे, ते बहुतेक पहिल्या प्रकारचे आहे.

मुंबई महानगराला दुसऱ्या प्रकारचे सहकार्य शक्य आहे आणि दिल्लीपेक्षा सोपेही आहे. दिल्लीला चार राज्ये एकत्र आणायची होती, म्हणून संसदेचा कायदा लागला. आपल्या नऊही महापालिका एकाच राज्यात, एकाच मंत्रालयाखाली आहेत. २०२३ च्या ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने बिघडलेल्या हवेची स्वतःहून दखल घेतली. पुढच्या सुनावण्यांत न्यायालयाने महानगर प्रदेशातल्या सर्व महापालिकांना एकत्र समोर उभे केले, फटाक्यांच्या वेळा ठरवून दिल्या, राडारोड्याच्या गाड्यांना वेसण घातली. न्यायालयाला जी हद्द दिसली, ती सरकारला दिसायला हरकत नाही. पण न्यायालयाने रोज सकाळी टेबलाशी बसावे, अशी अपेक्षा करता येत नाही. ते काम राज्य सरकारचे.

काय करावे, हे सांगण्याइतका मी तज्ज्ञ नाही. टेबल कसे चालते, तेवढे मला माहीत आहे. पहिली गोष्ट, वही एक हवी. कोणत्या स्रोतातून किती धूर निघतो आणि तो कुठे उतरतो, याची संपूर्ण प्रदेशाची एक नोंद, दर महिन्याला प्रसिद्ध होणारी. दुसरी, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने रोज ठरल्या वेळी सगळ्या यंत्रणांचे निर्णय घेऊ शकणारे प्रतिनिधी एकत्र आले पाहिजेत. रेल्वे, बंदर आणि तेल कंपन्याही त्यात हव्यात. तिसरी, तक्रार धनादेशासारखी असावी. मी ती माझ्या जवळच्या कार्यालयात देईन. पुढे ती कुणाकडे वठवायची, ते तुम्ही पाहा. चौथी, जे कुणाच्याच नावावर लागत नाही, त्याचे काय? बँकेत अशी रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतात आणि तपासणीला आलेला अधिकारी सर्वांत आधी तेच खाते उघडून जाब विचारतो. हवेचा डिफरन्सही आपण सस्पेन्स खात्यात टाकतो. फक्त ते खाते मुलांच्या छातीत उघडलेले आहे आणि त्याची तपासणी कुणी करत नाही.

पाचवी गोष्ट सर्वांत अवघड. हिशेब जुळला की कुणाला तरी पैसे द्यावे लागतात. ते कुणी द्यायचे? चीनने २०१३ नंतर बीजिंग, त्याच्या शेजारचे तिआनजिन आणि हेबेई प्रांत एका आराखड्यात आणले. बीजिंगमधल्या सूक्ष्म कणांची वार्षिक सरासरी चार वर्षांत घनमीटरमागे सुमारे ९० मायक्रोग्रॅमवरून ५८ वर आली. पण २०१७ च्या हिवाळ्यात हेबेईतल्या खेड्यांत कोळसा बंद झाला आणि गॅस पुरेसा पोचला नाही. शाळांतली मुले थंडीत कुडकुडली. शहराच्या स्वच्छ हवेचे बिल खेड्यातल्या पोरांनी भरले. आपल्याकडे २०२५ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांच्या भट्ट्या सहा महिन्यांत बदलायला सांगितल्या. भट्टीचा धूर वाईटच आहे. पण पहाटे तीनला उठून लादीपाव भाजणाऱ्या माणसाला नव्या भट्टीसाठी स्वस्त कर्ज कोण देणार, हा प्रश्नही त्याच टेबलावर त्याच दिवशी सुटला पाहिजे. नाहीतर तो डिफरन्स पुन्हा गरिबाच्या नावावर लागेल.

हे मी पुस्तकी म्हणून लिहीत नाही. गेल्या महिन्यात मी एके दिवशी दुपारी नाला ओलांडून पलीकडे गेलो. वायरी जाळणारा माणूस तिशीचा होता, सोबत बायको आणि एक खोकणारे मूल. मी आवाज चढवायचा ठरवून गेलो होतो. ते मूल पाहून चढवला नाही. तो म्हणाला, 'साहेब, आवरणासकट वायर दिली तर भंगारवाला पडेल भाव देतो. मोकळे तांबे दिले तर घर चालते.' वायर सोलण्याचे यंत्र मिळते, हे त्याला माहीत होते. पैसे नव्हते. मुद्रा योजनेच्या शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत कर्ज मिळते. मी जुन्या सहकाऱ्याकडून अर्ज आणला आणि भरायला बसलो. पत्त्याच्या रकान्याशी अडलो. त्याची झोपडी नाल्याच्या काठावर आहे. अलीकडची महापालिका म्हणते पलीकडची, पलीकडची म्हणते नाल्यातली. अर्ज अजून अपुरा आहे, पण मी तो सोडलेला नाही.

दरम्यान एक गोष्ट झाली. पलीकडच्या इमारतीतल्या एक निवृत्त शिक्षिका मला भाजीबाजारात भेटल्या. त्यांच्याकडेही तोच धूर जातो, फक्त पहाटे. आम्ही दोघांनी मिळून एकच पत्र लिहिले, दोन्ही महापालिकांच्या नावे. अलीकडच्या कार्यालयातल्या कारकुनाने पोच देताना विचारले, 'काका, यावर दुसऱ्या महापालिकेचं नाव कसं?' मी म्हणालो, 'धूर एकच आहे, म्हणून कागद एकच.' त्याने जरा विचार केला आणि शिक्का मारला. दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याच कागदावर पलीकडचा शिक्का आणला. त्यानंतर आठवडाभर रात्री दोन्हीकडचे मुकादम त्या जागेवर फेरी मारून गेले. धूर थांबला नाही, कमी झाला.

एका कागदावर दोन शहरांचे शिक्के. माझ्या उभ्या नोकरीत मी हजारो शिक्के पाहिले, पण हा कागद मी जपून ठेवला आहे. मंत्रालयाने मनावर घेतले, तर यावर नऊ शिक्के बसायला वेळ लागू नये. पुढची थंडी यायच्या आत ते बसावेत, एवढीच एका आजोबाची विनंती आहे.